सीए फाउंडेशनचा कायदा घरबसल्या: खर्च किती, सापळे कुठे?

सीए फाउंडेशनचा दुसरा पेपर म्हणजे ‘बिझनेस लॉज’. शंभर गुण, तीन तास, सगळी उत्तरे लेखी. इतर पेपरांप्रमाणे याचीही शिकवणी तुम्हाला अधिकृतपणे फुकट मिळते. म्हणून क्लासचे पैसे भरण्याआधी हे वाचा.

टाळता न येणारा खर्च

नोंदणी शुल्क ९,००० रुपये, माहितीपुस्तिकेचे २००. परीक्षेचा अर्ज वेगळा: भारतातील केंद्रासाठी १,५००, मुदत चुकली तर विलंब शुल्क ६०० रुपये. विद्यार्थी मासिकाची वर्गणी ऐच्छिक आहे; नको असेल तर त्यावर खूण करू नका. पैसे आयसीएआय या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्व-सेवा पोर्टलवरच भरा, एजंटाच्या खात्यात नाही.

कागदपत्रे आणि मुदत

दहावीची गुणपत्रिका किंवा प्रवेशपत्र, बारावीचे प्रवेशपत्र किंवा गुणपत्रिका, फोटो, सही, स्वतःचा मोबाइल आणि ईमेल. ओटीपी यावरच येतो, म्हणून क्लासचा नंबर देऊ नका. नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा मात्र बारावी उत्तीर्ण झाल्यावरच. नोंदणी आणि परीक्षा यांत चार महिने हवेत. मे-जूनसाठी १ जानेवारीपर्यंत, सप्टेंबरसाठी १ मेपर्यंत, जानेवारीसाठी १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी करा. यंदाच्या तारखा संकेतस्थळावर ताडून पाहा.

फुकट काय मिळते?

अभ्यास मंडळाच्या पोर्टलवर पूर्ण अभ्यास साहित्य, सराव प्रश्नपत्रिका, उजळणी प्रश्नसंच आणि जुन्या परीक्षांची सुचवलेली उत्तरे आहेत. थेट वर्गही विनामूल्य. अभ्यासाची सुरुवात १८७२ च्या करार कायद्यापासून करा. पुढे वस्तुविक्री (१९३०), भागीदारी (१९३२), एलएलपी (२००८), कंपनी कायदा (२०१३) आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (१८८१) घ्या.

छुपे खर्च

खासगी कोर्सची जाहिरातीतली किंमत अंतिम समजू नका. हे लेखी विचारा: १८ टक्के जीएसटी धरून किती? व्याख्यान किती वेळा पाहता येईल? वैधता परीक्षेच्या दिवसापर्यंत आहे का? मुदतवाढीचे किती? मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींवर चालते का? पुस्तके आणि कुरिअर यातच आहे का? पैसे परत मिळतात का?

जुनी, स्वस्तातली व्याख्याने तर घेऊच नका. जून २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदलला. पत्रव्यवहाराचा भाग गेला. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स आले, करार कायद्यात हमी, निक्षेप, एजन्सी वाढले. आकडेही बदलतात: लहान कंपनीची भांडवल मर्यादा २०२२ मध्ये दोन कोटींवरून चार कोटींवर गेली, आणि सरकार ती पुढेही बदलू शकते. आपल्या परीक्षेला कोणत्या दुरुस्त्या लागू आहेत, हे संस्थेच्या सूचनेतच पाहा.

पैसे घालायचेच तर उत्तरे तपासून घेण्यावर घाला

प्रश्न असा येतो: सतरा वर्षांच्या मुलाने कर्जासाठी गहाणखत लिहून दिले, सावकाराला ते बजावता येईल का? नुसते ‘नाही’ लिहिलेत तर गुण हातचे गेले. आधी तरतूद लिहा: कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करारास सक्षम नाही. मग १९०३ चा मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष निवाडा: असा करार सुरुवातीपासूनच रद्दबातल. मग तथ्ये लागू करा, शेवटी निष्कर्ष. ही शिस्त लिहिल्याशिवाय अंगी बाणत नाही. व्याख्याने पाहून ती येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक ध्यानात ठेवा: उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहावी लागतात. मराठीत समजून घ्या, पण व्याख्या आणि कायदेशीर शब्द पहिल्या दिवसापासून निवडलेल्या भाषेतच पाठ करा.

उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात ४०, एकूण ४०० पैकी २०० गुण हवेत. पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांपैकी चार सोडवायचे. आधी एक प्रकरण फुकट साहित्यावर करा, दोन सराव उत्तरे वेळ लावून लिहा, सुचवलेल्या उत्तरांशी ताडून पाहा. ती जमली तर कायद्याच्या क्लासची गरज नाही. अडलातच, तर आधी तपासणीसह चाचणी मालिका घ्या आणि पूर्ण कोर्सचा विचार नंतर करा.