निरोप वाचणारी पिशवी

प्रश्न : पेशीसारख्या कृत्रिम पिशव्या बनवून त्यांच्याकडून रासायनिक संदेश वाचून घेता येतात, हे खरं का? त्या जिवंत असतात का? आणि आपल्याकडे असं काही झालं आहे का?
– एक वाचक, हिंदमाता, दादर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरत होते, ते लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. साधं अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं जुनं औषध मूत्रपिंडांना फार त्रास देतं. ते स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे लायपोसोममध्ये घातलं की हा त्रास बराच कमी होतो. याचं भारतीय रूप घडवण्यात परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठाचे डॉ. बिमल कुमार बच्छावत यांचा मोठा वाटा आहे. 1990च्या दशकात मुंबईच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. या कामाची आठवण मुंबईकरांनी जास्त ठेवायला हवी होती.

ही पिशवी शिवावी लागत नाही. तिच्या रेणूंचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपट्या पाणी टाळतात. म्हणून पाण्यात ते आपोआप दुहेरी थर करून मिटतात. आपल्या पेशींचं आवरणही मुळात असंच असतं.

पण केईएममधली पिशवी औषध वाहून नेते, निरोप वाचत नाही. ती पायरी इटलीत ट्रेंटो विद्यापीठात शेरेफ मान्सी यांच्या गटाने गाठली. त्यांचा प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. थिओफिलिन हे दम्याचं औषध, चहाच्या पानांतही अल्प प्रमाणात असतं. ई. कोलाय जंतूंना ते स्वतःहून कळत नाही. संशोधकांनी पिशवीत डीएनए, प्रथिनं बनवणारी सामग्री आणि जंतूंना कळणारं एक रसायन भरलं. थिओफिलिन पिशवीत शिरून त्या डीएनएवरून बनलेल्या आरएनएच्या घडीला चिकटलं की ती घडी बदलते आणि प्रथिन बनू लागतं. ते प्रथिन आवरणाला भोकं पाडतं, आतलं रसायन बाहेर येतं आणि जंतू आपलं जनुक चालू करतात. थिओफिलिन नसेल तर रसायन आतच राहतं. पिशवीने केलेलं हे दुभाष्याचं काम मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शरीरात आजाराची खूण सापडेल तिथेच औषध सोडणारी पिशवी याच वाटेने घडू शकते. रुग्णालयात रोज वापरता येईल अशी ती अजून झालेली नाही.

जिवंत म्हणाल, तर नाही. ती स्वतःचं अन्न मिळवत नाही, स्वतःसारखी दुसरी पिशवी घडवत नाही. आत भरलेला कच्चा माल संपला की तिचं काम थांबतं.