गाळ, भोरड्या आणि रात्रीचं भजन

विष्णुपुरी जलाशयाचं पाणी ओसरू लागलं की काठाला राखाडी रंगाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला, भेगाळलेला. त्याच्या पलीकडच्या उथळ पाण्यात शेकाट्ये, तुतवार, चिखल्ये दाटीनं चरत असतात. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आमच्याकडे पाहुणे आले होते. त्यांच्यातला एक तरुण कॅमेरा गळ्यात अडकवून त्या पट्ट्यावर निघाला. थोडी पावलं नीट पडली, मग एक पाय पोटरीपर्यंत आत गेला. तो उपसायला त्यानं जोर लावला, तर दुसरा गुडघ्यापर्यंत रुतला.

काठावरच्या गाळपेरीत हरभऱ्याला पाणी देणारे एक काका ओरडले, "हलू नको बाबा, बूड टेक खाली!" आम्हाला त्यांनी पुढं येऊ दिलं नाही. कडब्याच्या पेंढ्या आणल्या, गाळावर एकापुढं एक टाकत स्वतः अंदाज घेत गेले आणि मुलाला त्यावर आडवं व्हायला लावलं. आधी एक पाय हळूहळू गोल फिरवत सैल केला, मग दुसरा. मुलगा पेंढ्यांवरून सरपटतच बाहेर आला. बूट आतच राहिले. काकांनी त्याला विहिरीवर नेऊन पाय धुऊन दिले आणि मगच विचारलं, "कुठले पाव्हणे?"

तेव्हापासून जो कोणी नांदेड-लातूरकडे दोन दिवसांसाठी येतो म्हणतो, त्याला मी सगळ्यात आधी गाळाबद्दल सांगतो. गोदावरीचा पूर वरच्या काळ्या रानांची माती घेऊन येतो आणि ती धरणाच्या पोटात बसते. पाणी हटलं की वरचा थर उन्हानं कडक होतो. खाली मात्र आठवडेच्या आठवडे राबडी तशीच असते. चिखलात चोच खुपसून किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना हीच राबडी हवी असते. म्हणजे जिथं पक्षी सगळ्यात जास्त, तिथंच जमीन सगळ्यात कच्ची. भेगा दिसतात म्हणून पाय टाकू नका. गुरांच्या खुरांची ताजी पायवाट असेल, तर तिच्यावरूनच आणि तिथल्या माणसाला विचारून चला. कुणी रुतलंच तर ओढाओढ करू नका. मागं रेलून अंगाचं वजन पसरायचं आणि पाय उपसण्याआधी त्याच्या भोवतीचा चिखल सैल करायचा. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या कोरड्या पात्रात तर उतरूच नका. दारं उघडल्यावर पाणी चढायला वेळ लागत नाही.

खरं तर पुढं जायची गरजही नसते. सूर्य पाठीशी येईल अशी काठावरची पक्की जागा धरा, आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घ्या आणि अर्धा तास बोलू नका. आधी दचकून दूर गेलेले पक्षी आपणहून जवळ सरकतात. काळेश्वर मंदिराच्या बाजूनं सकाळी शांत बसलं तर पाणकावळे पंख वाळवताना दिसतात, कवड्या खंड्या एका जागी फडफडत थांबून सूर मारतो, हळदीकुंकू बदकांच्या जोड्या दिसतात. नशीब असेल तर पट्टकादंब हंस. हा हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. त्याच्या दिशेनं धावत जाऊन थवा उडवायचा आणि उडतानाचा फोटो काढायचा, हा प्रकार मला सहन होत नाही. परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी तो अशा फुकटच्या उड्डाणात जाळतो. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावणंही तसंच.

केव्हा यायचं, हेही सगळे विचारतात. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षीसप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडलेला. शाळांसाठी तो चांगलाच आहे. पण बऱ्या पावसाच्या वर्षी तेव्हा इथले जलाशय काठोकाठ असतात आणि चिखलात चरणाऱ्यांना जागाच नसते. माझ्या मते डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. तेही त्या वर्षीच्या पावसावर. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून इथल्या पाण्याचे बेत आखता येत नाहीत. निघण्याआधी ओळखीच्या माणसाला फोन करून तळ्यात पाणी किती आहे ते विचारा. मार्चनंतर आलात तर नदीतल्या वाळूवर आणि गोट्यांवर चालणं टाळा. टिटवी आणि नदीसुरय उघड्यावर अंडी घालतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

नांदेडची पहाट मात्र पाण्यावर घालवायच्या आधी सचखंड गुरुद्वाऱ्यात घालवा. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी इथं देह ठेवला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळातली, 1832 ते 1837 मध्ये बांधलेली. पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून आणण्याची परंपरा आजही चालू आहे. डोकं झाका, पाय धुवा, मागं बसा आणि कीर्तन ऐका. गुरू ग्रंथसाहिबाची मांडणीच रागांनुसार आहे, आणि त्यात नामदेवांची 61 पदं आहेत. नामदेवांचं नरसी इथून फार लांब नाही, हिंगोली जिल्ह्यात. इथं रागात गायली जाणारी नामदेवांची वाणी ऐकायची आणि दुसऱ्या रात्री लातूरकडच्या एखाद्या गावात त्याच नामदेवांचा अभंग टाळ-पखवाजावर ऐकायचा, असे दोन दिवस मला दुसरीकडे कुठं मिळालेले नाहीत. लंगरमध्ये जेवा, आणि जमलं तर जेवल्यावर ताटं घासायला बसा.

वाटेत कंधारचा राष्ट्रकूटकालीन भुईकोट आणि त्याचा खंदक पाहण्यासारखा आहे. पुढं औसा तालुक्यात खरोशाची लेणी जांभ्या खडकात कोरलेली आहेत. दोन्हीकडे घाई नको, आणि दोन्ही एकाच दिवशी तर अजिबात नकोत. अशा ठिकाणी आग्यामोहोळ असू शकतं. भडक अत्तर लावू नका, शेकोटी पेटवू नका, दगड मारू नका. माश्या उठल्याच तर झटापट न करता तोंड झाकून लांब पळा.

आता भोरड्यांचं. ज्वारी निसवली की संध्याकाळी आभाळात काळा पडदा वळत, दुमडत, पसरत जातो. एकेका थव्यात हजारो भोरड्या. बाहेरून आलेल्याला ते दृश्य वेड लावतं, पण ज्याची ज्वारी खाली उभी आहे त्याला ते तसं दिसत नाही. तो पहाटेपासून मचाणावर उभा राहून डबडं वाजवत असतो, गोफण फिरवत असतो. त्याच्या कणसांवर थवा उतरला असताना आपण बांधावरून "वा!" म्हणावं, हे शोभत नाही. आधी त्याला रामराम घाला. भोरड्या कणसं खातात तशा टोळ आणि अळ्याही खातात, हे त्यालाच चांगलं माहीत असतं. मी कितीतरी शेतकऱ्यांकडून ऐकलंय: खाऊ द्या चार दाणे, पण बसू देणार नाही. मोटार बांधावर चढवू नका, ओल्या काळ्या रानात तर मुळीच घालू नका. चाकं फिरत राहतील, गाडी जागची हलायची नाही आणि दुसऱ्याचं पीक तुडवलं जाईल ते वेगळंच.

बेत येळवसेला जुळला तर सोन्याहून पिवळं. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर शहर ओस पडतं आणि शिवारं भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते. भज्जी, उंडे, आंबील, खीर. कुणीही बोलावतं, आणि बोलावलं की जायचं असतं. त्याच सुमाराला लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तिथं वाघ्या-मुरळी ऐकायला मिळतात. पण यात्रा आणि येळवस दोन्ही धावत धावत गाठायला गेलात तर दोन्ही हातची जातील. एक निवडा. मी येळवसच निवडेन.

रात्री भजन. औशाच्या नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा प्रसिद्ध आहे. टाळ वाजवत, पावलं टाकत, गोल फिरत गायचं. पंढरपुरात माघवारीलाही ते होतं. ते ऐकायला मिळालं तर भाग्यच. नाहीतर गावोगावची भजनी मंडळं आहेत. लवकर जा. पखवाजी डाव्या पुडीवर भिजवलेली कणीक थापतो, थाप मारून ऐकतो, बोटानं थोडी काढतो, पुन्हा ऐकतो. मग उजव्या बाजूचे गट्टे हातोडीनं ठोकून सूर पेटीला मिळवतो. हिवाळ्याच्या रात्री गारव्यानं पुडी उतरते, म्हणून मधेच थांबून तो हे पुन्हा करतो. त्या वेळी बोलू नका, आणि कार्यक्रम संपला असं समजून उठूही नका. फ्लॅश नको, ड्रोन तर नकोच. कुणी टाळ हातात दिले तर घ्या. येत नसेल तर सरळ शेजारच्याला पुढं करा, ते चालतं. रूपाच्या अभंगापासून गौळणी आणि भैरवीपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. निघायची घाई असेल तर मधे बसू नका, दाराशी बसा.

आणि भजनानंतर गाडी काढू नका. गळीत हंगामात लातूर-औसा-निलंगा भागातल्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. बऱ्याचशांना मागं लाल दिवा नसतो, उसाची टोकं कडेला हातभर बाहेर आलेली असतात आणि पहाटे वर धुकं. मंडळातल्या कुणालाही सांगा, देवळात नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी मिळते. पांघरूण मात्र आपलं आपण न्या.