आधी वर्गात, मग कार्यालयात

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात मी गटशिक्षणाधिकारी होतो. जिल्हा परिषदेच्या शाळा सुधारायला साहेबाने काय करावं, असं नव्याने रुजू होणारे विचारतात. सांगण्यासारख्या सात गोष्टी आहेत.

१. शाळेत गेलात की आधी वर्गात बसा. चहा, हजेरीपट, शेरेबही नंतर. पाठ्यपुस्तकातला धडा मुलांचा तोंडपाठ असतो, म्हणून मी भिंतीवरचा पोषण आहाराचा फलक वाचायला सांगायचो. तिसरीतली एक मुलगी ‘मटकी’, ‘वाटाणा’ झरझर वाचून ‘शिल्लक’पाशी अडली. पाठोपाठ अर्धा वर्ग तिथेच अडला. गुरुजींना पुढच्या आठवड्याचं काम मिळालं: जोडाक्षरं.

२. चुकलेलं उत्तर लगेच पुसू देऊ नका. ४२ मधून १७ वजा करताना पुष्कळ मुलं ३५ लिहितात. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, एवढंच त्यांनी धरलेलं असतं. तेच उदाहरण फळ्यावर पुन्हा सोडवून ही चूक जात नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मुलाच्या हातात द्या आणि सतरा काड्या मागा. गठ्ठा सोडावाच लागतो, तेव्हा हातचा कळतो.

३. शिक्षकाला शिक्षकाकडून शिकू द्या. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. ती पाहायला राज्यभरातून शिक्षक जात, आमचेही गेले. परतल्यावर बऱ्याच ठिकाणी तिथल्यासारखी फरशी तेवढी रंगली, शिकवणं बदललं नाही. मग शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत भाषणं बंद केली. ज्याची मुलं वाचू लागली, त्याने मुलं समोर बसवून पाठ घेऊन दाखवायचा.

४. ऊसतोडीची तयारी दसऱ्याआधी करा. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्याकडे निघतात आणि वर्ग ओस पडतो. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव ट्रक भरल्यावर करून काय उपयोग? शिक्षकांनी घरोघर जाऊन आधीच विचारायचं, आजी गावात राहणार का? आजी राहिली, तर पोरही राहू शकतं.

५. बैठक पालकांच्या वेळेला घ्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. सकाळी अकराला बोलावलं, तर या बाया खुरपायला गेलेल्या असतात आणि सह्यांसाठी रजिस्टर घरोघर फिरतं. संध्याकाळी बोलावल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हा विषय त्यांनीच काढला.

६. माहिती एकदाच मागा. शाळांच्या माहितीच्या यू-डायस पोर्टलवर भरलेला आकडा पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तात्काळ’ मागू नये. दोनशिक्षकी शाळेत एक जण टपालात अडकला, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. जो आकडा आपल्या कचेरीत आहे, तो आपणच शोधावा.

७. आपली बदली गृहीत धरा. साहेबाच्या धाकाने घेतलेलं वाचन साहेबाबरोबरच जातं. वाचता न येणारी मुलं कोणती, हे मुख्याध्यापकाला कागद न बघता नावानिशी सांगता आलं, की ते काम त्याचं झालं. मग खुर्चीवर कोण आलं आणि कोण गेलं, याने शाळेचं फारसं अडत नाही.