चौथा पंप घेण्याआधी

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

चि. बाळ,

पार्सल मिळालं. तुझ्या आजोबांच्या पद्मिनी गाडीचे उतरवलेले तिन्ही पेट्रोल पंप खोलले आणि रद्दी पसरून एकेक भाग ओळीनं मांडून बघितला. फोनवर तू एवढंच विचारलंस, की चौथा पंप चांगल्या कंपनीचा कुठं मिळेल. त्याची सोय होईल. पण आधी हे पत्र नीट वाच. वर्षभरात एकच पार्ट तीन वेळा जातो, तेव्हा दोष त्या पार्टात शोधत बसायचं नसतं. त्याला घालवतंय कोण हे शोधायचं असतं. ते सापडेपर्यंत आणलेला प्रत्येक नवा पंप त्याच वाटेनं जाणार.

हा पंप फार साधा आहे. कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी ढकलतो, दांडी पंपाची लिव्हर दाबते आणि लिव्हर रबरी डायफ्रामला ओढते. त्या ओढीनं मागच्या टाकीतलं पेट्रोल पंपात येतं. लिव्हर सुटली की स्प्रिंग डायफ्रामला परत ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडं जातं. आलेलं पेट्रोल उलटं जाऊ नये म्हणून दोन छोटे व्हॉल्व्ह. वीज नाही, वायर नाही. आत इतके थोडे भाग असल्यामुळंच पंप खोलला की तो कशानं गेला हे डोळ्यांनी दिसतं.

तुझ्या पहिल्या पंपाचा डायफ्राम फुगलाय. कडेला लाटा पडल्यात, बोट लावलं की चिकटतो. दुसऱ्याचं रबर अजून चांगलं आहे, पण मधल्या वायसरच्या कडेकडेनं ते गोलाकार फाटलंय. तिसऱ्याचा डायफ्राम शाबूत आहे. व्हॉल्व्हखाली मात्र तांबूस गाळ बसलाय आणि ॲल्युमिनियमच्या अंगाला आतून पांढरी भुकटी धरलीय. तीन पंप तीन वेगवेगळ्या कारणांनी गेलेत. तू तिन्ही वेळा "पंप गेला" एवढंच सांगितलंस, मेकॅनिकनं तेवढंच ऐकलं आणि नवा बसवून दिला. जुना कुणी खोललाच नाही.

पहिल्या पंपाचं कारण पेट्रोलात आहे. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी घडली, तेव्हाचं रबर त्या वेळच्या पेट्रोलसाठी होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. आधी हे उद्दिष्ट २०३० चं होतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही सांगितलंय. साध्या रबराला इथेनॉल फुगवतं, मऊ करतं, आणि वाळल्यावर तेच रबर कडक होऊन तडकतं. पण म्हणून इथेनॉलला शिव्या घालू नकोस. आपल्या भावकीचा ऊस ज्या कारखान्यांना जातो, त्यांच्या डिस्टिलरीतही तेच तयार होतं. पेट्रोल बदललंय, तर त्याला टिकणारं रबर गाडीत घालणं हे आपलं काम आहे.

इथं एक सावधगिरी. जुन्या सीलबंद डब्यातला 'ओरिजिनल' पंप मिळाला म्हणून हरखून जाऊ नकोस. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, गाडीचं उत्पादन तर त्याच्याही बरंच आधी थांबलं होतं. तेव्हा डब्यातलं ते रबर पंचवीस-तीस वर्षांचं आहे आणि इथेनॉलच्या आधीचं आहे. पंपाचं अंग अस्सल असेल तर जरूर घे, पण डायफ्राम नवा घाल आणि दुकानदाराला व्हिटॉनचाच माग. तो "चालतंय की" म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस, परीक्षा घे. जादा आणलेल्या डायफ्रामची जाडी व्हर्नियरनं मोज, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात तो आठवडाभर बुडवून ठेव, मग काढून पुन्हा मोज. बाटली घराबाहेर, सावलीत, पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेव. रबर फुगलं असेल तर त्या किटचा पंप गाडीला लावायचा नाही. आणि डायफ्राम बदलशील तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी होज आणि कार्बोरेटरमधले रबरी भागही एकदमच बदल. एक जुना होज राहिला तरी त्याचे कण नव्या पंपाच्या व्हॉल्व्हखाली जाऊन अडकतात.

दुसऱ्या पंपाचं कारण तू पाठवलेल्या फोटोत सापडलं. पंप आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये बेकेलाइटचं जाड पॅकिंग असतं, त्याच्या दोन्ही अंगांना पातळ कागदी पॅकिंग. फोटो मोठा करून बघितला. तुझ्या गाडीत फक्त कागद आहे, बेकेलाइट नाही. कधीतरी कुणीतरी ते काढलं आणि परत बसवलं नाही. ते पॅकिंग दोन कामं करतं. एक, पंप ब्लॉकपासून ठरल्या अंतरावर ठेवतं. ते अंतर गेलं की दांडी लिव्हरला गरजेपेक्षा जास्त ढकलते आणि डायफ्राम प्रत्येक फेऱ्याला ताणाच्या बाहेर ओढला जातो. मधल्या वायसरपाशी गोल फाटलेला डायफ्राम हेच सांगतोय. दुसरं, इंजिनची उष्णता पंपापर्यंत येऊ देत नाही. म्हणजे त्या एका पॅकिंगमुळं तुझा पंप फाटतोही आणि तापतोही. नवं बेकेलाइट पॅकिंग घाल, इंजिन हातानं फिरवून दांडी जास्तीत जास्त बाहेर आण, ती किती बाहेर येते ते मोज आणि मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून कागदी पॅकिंगची जाडी कमी-जास्त कर. अंदाजानं करू नकोस. डायफ्राम बसवताना पंपाच्या कडेचे स्क्रू हलके लाव, लिव्हर पूर्ण दाबून धर आणि मगच समोरासमोरचे स्क्रू जोडीनं आवळ. लिव्हर सोडलेली असताना आवळला तर पंप सुरू झाल्यापासूनच डायफ्राम ताणात राहतो.

तिसऱ्याचं कारण टाकीत आहे. तुझी गाडी आठवडा आठवडा उभी असते, टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल, वर रिकामी जागा. पावसाळ्यातली दमट हवा त्या जागेत शिरते, पत्र्याला पाणी सुटतं, इथेनॉल ते ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. पेट्रोल ओढणारी नळीही तिथंच असते. त्यात भर म्हणजे इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा जमलेला गाळ सोडवतं. नवा पंप जे पहिलं ओढतो ते हेच. टाकी खाली उतरव, तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेव. खाली वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर उत्तर मिळालं. टाकी जाणत्या माणसाकडून आतून साफ करून घे. पण एक लक्षात ठेव: पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ भडकते. तिला गॅसचा किंवा वेल्डिंगचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, कुणी कितीही "रोज करतो" म्हणाला तरी. साफ झाल्यावर टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लाव, म्हणजे काय येतंय ते डोळ्यांनी दिसेल. फार बारीक जाळीचा मात्र नको. ओढायच्या बाजूला अडथळा आला की पंप उपाशी राहतो.

आता खंबाटकीचं. गावाकडं येताना घाटात गाडी थांबते, अर्ध्या तासानं आपोआप चालू होते, असं तू म्हणालास. थंड झाल्यावर चालू होणाऱ्या गाडीचा पंप बहुधा गेलेला नसतो. तिथं आधी दोन संशयित. एक, टाकीला हवा घेण्याची वाट बंद आहे. गाडी थांबल्या थांबल्या टाकीचं झाकण उघड. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर कारण तेच. दुसरा, उष्णता. चढाला इंजिन तापतं, पंप त्याच्या अंगाला चिकटलेला, आणि पंप पेट्रोल ओढत असतो तेव्हा नळीतला दाब कमी होऊन ते लवकर उकळतं. पंपात पेट्रोलऐवजी वाफ येते आणि वाफ त्याला पुढं ढकलता येत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून गाडी चालू झाली तर हेच कारण. आपले जुने ड्रायव्हर फियाट-ॲम्बेसिडर घेऊन आंबा घाट चढताना फडकं आणि पाण्याची बाटली सोबत ठेवायचे ते यासाठी. फडकं घाटातून बाहेर काढतं, पण रोग जागेवरच राहतो. बेकेलाइट पॅकिंग घाल, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब घे.

तपासाचा क्रम असा ठेव. आधी इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घे. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी वाढली असेल, तर फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल ऑइलमध्ये उतरलंय. तशी गाडी अजिबात चालू करू नकोस; पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि आगीचाही धोका असतो. ऑइल बदलूनच पुढं जा. मग कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून बाटलीत घाल, कॉइलची वायर काढ आणि सेल्फ मार. पेट्रोल ठोक्याठोक्यानं, सारख्या धारेत आलं पाहिजे. नाही आलं, तर टाकीकडून येणारी नळी पंपापाशी सोडव, पंपाला छोटा होज जोड आणि स्वच्छ पेट्रोलच्या वेगळ्या कॅनमध्ये बुडव. आता धार नीट आली तर पंप निर्दोष आहे. दोष मागं टाकीत, नळीत किंवा होजमध्ये आहे. ओढायच्या बाजूचा तडकलेला होज बऱ्याचदा बाहेर थेंबही टाकत नाही, नुसती हवा आत घेतो, म्हणून वरवर बघून तो सापडत नाही. हे सगळं उघड्यावर कर, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेव आणि एकटा करू नकोस.

कुणीतरी तुला विजेवर चालणारा पंप सुचवलाय. घाई करू नकोस. कार्बोरेटरला मोजक्या दाबानं पेट्रोल लागतं, साधारण दोन ते चार पीएसआय. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो; निडल व्हॉल्व्ह तो अडवू शकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. कमी दाबाचा पंप मिळाला तरी इंजिन बंद पडल्यावर तो आपोआप थांबेल अशी जोडणी लागते, नाहीतर अपघातात गाडी उलटली तरी तो पेट्रोल फेकत राहतो. आणि एवढं करूनही टाकीतला गंज टाकीतच राहील.

बाळ, तू कोल्हापूरचा आहेस. इथलेच आनंदराव आणि बाबूराव पेंटर परदेशी यंत्रं बघून सिनेमाचा कॅमेरा घडवायला निघाले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. याच उद्यमनगरात पुढं लेथ आणि फाउंड्रीवाल्यांनी शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं घडवली. त्यांच्यापैकी अनेकांकडं पदवी नव्हती. त्यांच्याकडं सवय होती: बिघडलेली वस्तू फेकण्याआधी खोलायची, कशानं गेली ते बघायचं आणि मग हात लावायचा. तुझ्याकडं डिग्री आहे, पगार आहे, घरपोच पार्ट येतात. त्यामुळं न खोलता बदलायचा मोह तुला जास्त होणार. तो आवर. हे मी नुसत्या गाडीपुरतं सांगत नाही. ऑफिसात तोच घोळ पुन्हा पुन्हा झाला, घरात तेच भांडण पुन्हा उठलं, तरी शेवटच्या माणसावर खापर फोडू नकोस. मागं कुठं काय सुटलंय ते आधी बघ.

एक वही कर. पंप कधी बसवला, किलोमीटर किती झाले, गाडी कुठं थांबली, गरम होती की थंड, टाकीत पेट्रोल किती होतं, काय तपासलं, काय दिसलं, सगळं लिही. रबरी भाग एकदम बदलायचे, बाकी एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशानं गुण आला ते कळणार नाही. गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे कर. नाहीतर आठवड्यातून एकदा तिला गावाबाहेर फिरवून आण आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेव.

व्हिटॉनचा डायफ्राम घातलेला पंप आणि बेकेलाइटचं पॅकिंग मी इथून घेऊन ठेवतो. तू टाकी उतरव, वर सांगितलेला तपास क्रमानं कर आणि वही घेऊन ये. वही बघितल्याशिवाय चौथा पंप तुझ्या हातात देणार नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा