मोर्चानंतरचे गीत : नामांतर लढ्याच्या टिकाऊपणाचा एक विचार

जनआंदोलनांचे इतिहास बहुधा मोर्चे आणि सत्याग्रह यांच्या तारखांनी लिहिले जातात. दोन मोर्चांमधल्या रिकाम्या काळात आंदोलन कशाच्या बळावर तग धरते, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि अंमलबजावणी थांबली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. १९७९ चा नागपूरहून निघालेला लाँग मार्च या साडेपंधरा वर्षांतील एक शिखर होय. परंतु शिखरावर वस्ती होत नाही.

संघटना टिकली म्हणून लढा टिकला, असे म्हणणे अपुरे ठरते. अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर १९७२ मध्ये स्थापन झाली आणि १९७४ मध्येच तिच्यात फूट पडली. सातत्य होते ते दोन वाङ्मयीन व्यवहारांत. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने मतभेदांसह वाद जिवंत ठेवला. दुसरीकडे, भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आलेल्या गायनपरंपरेने लोक एकत्र ठेवले. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर हे प्रसंग दरवर्षी ठरलेले असतात. परिचित चाल आणि सर्वांनी उचलायचे धृपद यांमुळे निरक्षर श्रोताही गीताचा वाहक बनतो. त्या ठरलेल्या प्रसंगी, त्याच चालीत, नवा अन्याय व नवी मागणी गुंफता येते. आंदोलनाची स्मृती अशी वर्षागणिक ताजी होते.

या साधनाला मर्यादाही आहे. मागणी गळून केवळ गौरव उरला, की प्रसंगाचा उत्सव होतो. गीतातील संबोधन शासनाकडून समाजाकडे आणि समाजाकडून केवळ महापुरुषाकडे कधी वळते, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हे तपासण्यासाठी सीमेवरची गावे विशेष उपयोगी ठरतील. उमरखेड तालुक्यातील ढाणकी विदर्भात मोडते. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा लागतो. नामांतराचा प्रश्न येथे प्रशासनाने परका, पण नात्यागोत्याने आपला होता. अशा गावांतील गायनपार्ट्यांच्या हस्तलिखित वह्या मिळवून गीताचे वर्ष, प्रसंग, चाल आणि बदललेली कडवी यांची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केली पाहिजे. वह्या जीर्ण होत आहेत आणि गाणारे थकले आहेत. हे काम लांबले, तर लढ्याच्या केवळ तारखा उरतील.