कारवीचा धडा

आपण बडोदेकर मंडळी रोज ताजी फुलं देवाला वाहतो. पण सह्याद्रीतली कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच, सगळी मिळून फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ नंतर थेट २०२४ साली फुलली. मधली वर्षं ती रिकामी बसत नाही हं! उतारावरची माती धरून ठेवते. तिच्या काठ्यांवर माती लिंपून झोपड्यांच्या भिंती होतात. एकदा फुलून बी धरलं की झाड वाळतं. पुढच्या पावसात बोंडं फुटून बी रुजतं.

'इतकी वर्षं नाम घेतलं, मिळालं काय?' असं मनात आलं, तर आधी स्वतःला विचारू या: या वर्षांत आपण घरात कोणाला आधार दिला? या गुरुवारी घरच्यांनी मिळून यावर बोलू या.