सॅम्पल लायब्ररीसाठी एसएसडी घ्यावी का?

प्रश्न : मी घरीच नाटकांचं पार्श्वसंगीत करतो. कॉन्टॅक्ट या सॅम्पलर सॉफ्टवेअरमध्ये व्हायोलिनची मोठी लायब्ररी उघडायला चार-पाच मिनिटं लागतात, वाजवताना मधेच नोट्स तुटतात आणि की दाबल्यावर आवाज उशिरा येतो. एसएसडी बसवली तर हे सगळं थांबेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सगळं नाही, पण बरंचसं थांबेल. कॉन्टॅक्ट सहसा प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात रॅममध्ये (प्रीलोड बफरमध्ये) ठेवतो. उरलेला भाग वाजवतेवेळी डिस्कवरून घेतो. हार्ड डिस्कला तो शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला जेमतेम ०.१. लायब्ररी उघडतानाही प्रत्येक सॅम्पलची सुरुवात अशीच शोधावी लागते, त्यामुळे ती लवकर उघडेल.

उशिरा येणारा आवाज मात्र ऑडिओ बफरमुळे असतो. हा बफर १२८ किंवा २५६ सॅम्पल्सवर आणा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरा. याला खर्च नाही.

नोट्स तुटतात तेव्हा कॉन्टॅक्टमधला डिस्कचा मीटर चढतो की सीपीयूचा, ते पाहा. डिस्कचा चढत असेल तर एसएसडी जरूर घ्या. साधी साटा पुरते. लॅपटॉपमध्ये जागा नसेल तर यूएसबी ३ ची बाहेरून जोडायची चालेल. लायब्ररी हलवल्यावर नवी जागा सॉफ्टवेअरला दाखवा आणि प्रीलोड बफर कमी करा, म्हणजे रॅमही मोकळी होईल. नुसत्या वाचनाने एसएसडी झिजत नाही, ती काळजी नको. मात्र ती बंद पडली तर डेटा परत मिळणं अवघड असतं. म्हणून जुनी हार्ड डिस्क काढून टाकू नका, बॅकअपसाठी ठेवा.